क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' एलपी संगणकावर उतरवताना: साताऱ्यातल्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५

तबकडी ताब्यात आली. ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा पहिला 'ग्रेटेस्ट हिट्स', ईएमआय कंपनी, १९८१, ब्रिटिश छपाई, क्रमांक ईएमटीव्ही ३०. मित्राच्या चुलत्यांनी तेव्हा इंग्लंडहून आणलेली. कव्हरवरचा चौघांचा फोटो लॉर्ड स्नोडनने काढलेला. त्याच्या कडा वाळवीने चाखल्यात, चेहरे शाबूत आहेत.

ही सतरा गाणी नेटवर एका बोटावर मिळतात, हे चुलत्यांनाही माहीत आहे. पण त्यांना हीच तबकडी ऐकायची आहे, आणि ५ सप्टेंबरला पाचगणीत ऐकायची आहे. ५ सप्टेंबर हा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्मदिवस, १९४६, झांझिबार. त्याचं शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झालं. तेव्हा तो फारुख बलसारा होता. तिथेच तो पियानो शिकला आणि तिथेच शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांत हे ठाऊक आहे कोण जाणे. आमच्या आळीत तरी कुणाला नव्हतं.

तबकडीची अवस्था: दोन्ही बाजूंना पांढरी बुरशी (आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाची देणगी), बारीक ओरखडे भरपूर, आणि पहिल्या बाजूला शेवटच्या 'सेव्ह मी'वर एक खोल आडवी चीर. नखाला लागते. धुतल्याशिवाय सुई टेकवायची नाही असं ठरवलंय. घाणीवरून सुई फिरली की घाण खाचेत आणखी दाबली जाते आणि सुईही झिजते.

टर्नटेबल माझा, जुना, पट्ट्यावर चालणारा. अॅम्प्लिफायर चुलत्यांचाच. त्याला मागे 'फोनो' सॉकेट आहे, ही मोठी सोय. एलपीवर खर्ज दाबून आणि वरचे सूर वाढवून कोरलेले असतात. ते परत सरळ करणारं सर्किट फोनोच्या आत असतं. ते नसेल तर वेगळा प्री-अॅम्प घ्यावा लागतो, नाहीतर सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यागत ऐकू येतं.

८ जुलै

चालू केलं, तबक हललं नाही. मोटर फिरते, पट्टा ताणून ढिला झालाय. साताऱ्यात पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंत विचारलं. मिक्सरचा पट्टा आहे, शिलाई मशीनचा आहे, टर्नटेबलचा नाही. एका दुकानदाराने "ते अजून असतंय का?" असं विचारून खुर्ची दिली, चहा पाजला.

१३ जुलै

सायकलच्या ट्यूबचं कडं कापून पट्टा म्हणून बसवलं. नेटवर अनेकांनी हा उपाय सांगितलाय. तबक फिरलं. एक जुनी भावगीतांची तबकडी लावली तर गाणारी बाई दर आवर्तनाला घसा खाकरतेय असं वाटायला लागलं. कारण साधं आहे: कात्रीने कापलेल्या कड्याची रुंदी सगळीकडे सारखी येत नाही, ट्यूबची जाडीही नसते. जिथे जाड, तिथे वेग बदलतो. ठेक्याच्या गाण्यात हे लपेल, पियानोच्या लांबलेल्या सुरात लपत नाही. आणि या एलपीवर पियानो पावलोपावली आहे. कडं काढलं.

अर्धा रविवार यात गेला. 'बायसिकल रेस' असलेल्या तबकडीला सायकलचीच ट्यूब चालली नाही, ही मित्राची टिप्पणी नोंदवून ठेवतो, कारण तो ती सगळ्यांना सांगत सुटलाय.

१९ जुलै

पुण्याला दुसऱ्या कामासाठी जाणं होतंच. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागच्या गल्ल्यांत पट्टा मिळाला, ४५० रुपये. माप असं घ्या: मोटरची कप्पी आणि आतलं तबक यांच्याभोवती दोरा गुंडाळायचा, लांबी मोजायची आणि त्यातून साधारण पाच टक्के वजा करायचे. जुना ताणलेला पट्टा मोजून नवा घेतला, तर नवाही ढिलाच येणार. तिथेच नवीन सुई घेतली, लंबगोल टोकाची, २,२०० रुपये. दुकानदार गोल टोकाची ८०० ची देत होता. ती घेतली नाही हे बरं झालं. कारण पुढे २४ ऑगस्टच्या नोंदीत येईल.

२६ जुलै

धुलाई. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. मऊ मखमलीचा तुकडा, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. नळाचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि तेच टिकटिक वाजतात. मधल्या कागदी लेबलवर प्लास्टिकची बशी उपडी दाबून धरली. अल्कोहोलचं हे मिश्रण फक्त व्हिनाइलला. आजोबांच्या काळच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना ते लावलं, तर तबकडी गेलीच समजा.

वाळवायला ताटाळं. आईचं ताटाळं दोन तासांसाठी मागितलं, तिने रात्रीच्या जेवणाआधी परत मिळेल या बोलीवर दिलं. या हवेत दोन तासांत काही वाळत नाही. पंख्याखाली ठेवलं, तरी रात्र लागली. ताटं ओट्यावर राहिली.

२७ जुलै

बुरशीचे डाग काही ठिकाणी राहिलेत. पांढरा लाकडाचा गोंद तबकडीवर ओतायचा, वाळला की कातडीसारखा सोलून काढायचा, सगळी घाण त्याबरोबर येते असा एक उपाय आहे. आधी टाकाऊ तबकडीवर करून पाहिला. कोरड्या हवेत तो चालतही असेल. जुलैच्या साताऱ्यात गोंद दुसऱ्या दिवशीही मधे दुधाळ, आणि जिथे थर पातळ पडला होता तिथे सोलताना तुकडे होऊन खाचेतच अडकला. क्वीनला हा प्रयोग नाही. दुसऱ्यांदा पाण्याने धुतलं, डाग बरेच गेले.

२ ऑगस्ट

सुईचा भार. आर्मवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मागवला, ४०० रुपये. कार्ट्रिजसोबत (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) आलेल्या कागदावर दोन ग्रॅमपर्यंत भार सांगितलाय. काट्यावर सुई टेकवली तर दर वेळी वेगळाच आकडा, कधी तीनच्याही वर. कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक असतं आणि काट्याची वाटी पोलादी, ती सुईला खाली ओढते. वाटीवर लाकडाचा छोटा ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणला आणि मग मोजलं. आता दर वेळी १.८.

३ ऑगस्ट

पहिल्यांदा सुई टेकली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सुरू झाली आणि आनंद ओसरायच्या आत शंका आली. फोनवर वेळ लावून मोजलं. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे, इथे ५ मिनिटं ५० सेकंदांत संपलं. म्हणजे तबक दीड टक्क्याच्या आसपास जोरात फिरतंय.

शेजारी भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका राहतात. त्यांना बोलावलं. क्वीन वगैरे त्यांच्या गावीही नाही. पियानो सुरू झाल्यावरचा भाग बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. काकांनी पेटीवर काळी पाच दाबून धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आरं, ह्ये चढलंय. पाव सूर तरी चढलंय." हिशेब केला तर एक अर्धस्वर म्हणजे जवळपास सहा टक्के, आणि आपली चूक दीड टक्का. पाव सूरच. मग काका उठेनात. ऑपेराचा भाग पुन्हा लावायला लावला. "ही किती माणसं गात्यात?" तिघं, म्हटलं. एकावर एक थर चढवलेत. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. काकांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

वेग लावायला स्ट्रोब चकती छापली. ती तबकावर ठेवायची, वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या उजेडात तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात. यात दोन फसवणुकी आहेत. पहिली, चकतीवर दोन वर्तुळं असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. २१६ रेघांचं अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी असतं. दुसरी फसवणूक जास्त वेळखाऊ: घरातले सगळे दिवे एलईडी. चांगला एलईडी लुकलुकत नाही, आणि उजेड लुकलुकल्याशिवाय रेघा स्थिर दिसतच नाहीत. बरीच खटपट करून झाल्यावर विजेच्या बोर्डावरच्या लाल इंडिकेटरकडे लक्ष गेलं. तो निऑनचा असतो आणि सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. खोलीत काळोख केला, एक्स्टेंशन बोर्ड चकतीजवळ धरला, रेघा दिसल्या. फिरण्याच्या दिशेने सरकत होत्या, म्हणजे वेग जास्त. मोटरच्या बुडाला एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून अगदी केसभर फिरवायचं. रेघा थांबल्या. पुन्हा वेळ लावली, ५:५५. काकांना पुन्हा बोलवावं लागलं नाही, ते आलेच.

५ ऑगस्ट

'घूं' असा आवाज. ५० हर्ट्झचा. टर्नटेबलमधून येणारी अर्थची बारीक वायर तुटलेली होती. सोल्डर मारून अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडली, बराच कमी झाला. उरलेला लॅपटॉपच्या चार्जरमधून येत होता. चार्जर काढून बॅटरीवर चालवला की शांत. चार्जरची तिसरी पिन मोडून टाका असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. एका बाजूचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासाचं, बॅटरी तेवढी पुरते.

७ ऑगस्ट

अॅम्प्लिफायरच्या 'टेप आउट'मधून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर घातली. आवाज आला, पण ऑपेराच्या भागात डावीउजवीकडे फिरणारे आवाज सगळे मधोमध उभे. ते भोक एकाच चॅनेलचं असतं. ३५० रुपयांची छोटी यूएसबी डोंगल आणली, तिचंही तेच. बाहेर दोन चॅनेल, आत एक. पैसे गेले. शेवटी दोन लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस मागवला, २,९०० रुपये. आधीच तो घेतला असता तर, वगैरे. विकत घेताना 'स्टिरिओ लाइन-इन' हे शब्द स्पष्ट लिहिलेत का तेवढं बघा.

१० ऑगस्ट

पहिलं पूर्ण रेकॉर्डिंग, ऑडॅसिटीत (आवाज टिपायचं सॉफ्टवेअर), २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. ऐकल्यावर लक्षात आलं की मागे कुणीतरी ढोल वाजवतंय. खरंच वाजवत होतं. मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, गणपती २७ तारखेला. आमची खोली जुन्या वाड्याची माडी, खाली लाकडी तक्तपोशी. ढोलाचा खर्ज आणि जिन्यावरची पावलं, दोन्ही थेट सुईत शिरतात. टर्नटेबल खाली शहाबादी फरशीवर आणला, खाली रबराचे तुकडे, त्यावर ओट्याचा उरलेला कडप्पा, त्यावर टर्नटेबल. स्पीकर बंद, फक्त हेडफोन. आणि रेकॉर्डिंग पहाटे, दूधवाल्याच्या आधी. गणपती बसल्यावर डॉल्बी लागला की खर्जाची कुठलीही नोंद घेणं अशक्य, म्हणजे खरी मुदत ५ सप्टेंबर नाहीच, २६ ऑगस्ट आहे.

१२ ऑगस्ट

दोन्ही बाजू पहाटे घेतल्या. आता या तबकडीची मूळ अडचण कळली. पहिली बाजू २९ मिनिटं, दुसरीही जवळपास २९. साधारण एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांची असते. सतरा गाणी एका तबकडीवर बसवायची तर खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आणि जवळ कोरायच्या तर आवाज लहान ठेवावा लागतो. संगणकावर आवाज वाढवला की खरखरही तितकीच वाढते. हिट गाण्यांचे संग्रह असेच ठासून भरलेले असतात; घेणाऱ्याला एका पैशात जास्त गाणी हवी असतात. इथे घेणारेही कमी नव्हते. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच आहे. २०२२ साली त्याने ७० लाखांचा टप्पा ओलांडला, तिथे तो गाठणारा पहिला.

१७ ऑगस्ट

आजची नोंद लांब आहे. हे काम करू पाहणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

टिकटिक काढणारी आपोआप सोय (क्लिक रिमूव्हल) दोन्ही बाजूंना सरसकट लावली. आलेख बघितला तर स्वच्छ. मग ऐकलं. 'किलर क्वीन' चुटक्यांनी सुरू होतं. चुटक्या गायब, नुसती बोटं घासल्याचा भास. 'बायसिकल रेस'मधल्या घंटांची धार गेली. आणि 'वुई विल रॉक यू'मध्ये टाळी वाजते, पण हातमोजे घालून वाजवल्यासारखी.

कारण असं. कुठलंही सॉफ्टवेअर टिक ओळखतं ती आजूबाजूपेक्षा एकदम उंच उडालेल्या बारीक सुळक्यावरून. टाळी हाही तसाच सुळका. यंत्राला चिरेची टिक आणि माणसाची टाळी यातला फरक कळत नाही. 'वुई विल रॉक यू'मध्ये तर ड्रम नाहीतच. पाय आपटणं आणि टाळ्या, एवढंच, अगदी शेवटच्या गिटारपर्यंत. १९७७ साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत बँडने स्वतःच पाय आपटून, टाळ्या वाजवून ते ध्वनिमुद्रित केलं, एकावर एक थर चढवले. ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी (खगोलभौतिकीची पीएचडी त्याने पुढे २००७ साली पुरी केली). त्याने त्या थरांना थोड्याथोड्या वेगळ्या अंतराने उशीर दिला, म्हणून चौघांच्या जागी मोठा जमाव आहे असं वाटतं. म्हणजे तिथली प्रत्येक टाळी ही मुळातच पुष्कळ बारीक सुळक्यांची जुडी. सॉफ्टवेअरला ती पर्वणीच.

सगळं परत घेतलं, मूळ फाइलवरून नवीन सुरुवात. मूळ रेकॉर्डिंगची प्रत कधीही न उघडता वेगळी ठेवायची, हे इथे कामी आलं.

आता पद्धत अशी. आपोआप सफाई फक्त गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत आणि 'सेव्ह मी', 'प्ले द गेम' अशा संथ गाण्यांच्या काही तुकड्यांवर, तीही सौम्य. बाकी सगळं हाताने: हेडफोन, टिक ऐकू आली की थांबायचं, आलेख मोठा करायचा, सुळका निवडायचा, 'रिपेअर'. संगणक आवाज बारीक नमुन्यांत टिपतो, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने. ऑडॅसिटीत रिपेअर एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालतं. ९६ किलोहर्ट्झला १२८ नमुने म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या थोडं वर, आणि माझ्या बऱ्याच टिका त्याहून रुंद. कामाची प्रत ४८ किलोहर्ट्झवर आणली तेव्हा तेवढ्याच नमुन्यांत दुप्पट वेळ मावला आणि बहुतेक टिका बसल्या. ९६ चा हव्यास घरच्या कामाला नको. एलपीवर तेवढं काही नसतंच.

'सेव्ह मी'वरची चीर यापेक्षा सोपी गेली. तबक मिनिटाला ३३⅓ फिरतं, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. आडवी चीर दर फेरीला एकदा लागते. पहिली टिक सापडली की पुढची बरोबर १.८ सेकंदांनी. कान बाजूला ठेवून नुसत्या मापाने एकेक टिपत गेलो. चीर खोल आहे, एकदोन ठिकाणी ठसका राहिलाय. तो काढायचा तर सूर कापावा लागतो. राहू दिला.

१८ ऑगस्ट

खरखर कमी करायचा प्रयत्न (नॉइज रिडक्शन). आत जाणाऱ्या रिकाम्या खाचेतला नमुना दिला, १२ डेसिबल. 'प्ले द गेम' सिंथेसायझरच्या सरसरत्या आवाजाने सुरू होतं. सॉफ्टवेअरने तो आवाजच खरखर समजून चघळला. त्या आवाजाला क्वीनच्या लेखी मोल आहे: सत्तरच्या दशकातल्या अल्बमांच्या कव्हरवर ते अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर नाही, आणि १९८० च्या 'द गेम'पासून त्यांनी तो वापरायला घेतला. सहा डेसिबलवर आणलं, मग चारवर. झांजांची शेपटं तरीही पाण्यात बुडाल्यासारखी. शेवटी हा प्रकार पूर्ण काढून टाकला. फक्त २५ हर्ट्झच्या खालची घरघर कापली. ऐकणारा खरखर पाच मिनिटांत विसरतो, बिघडलेली झांज विसरत नाही.

२० ऑगस्ट

गाणी वेगळी करणं. शांतता ओळखून आपोआप तोडायची सोय इथे चालत नाही. मर्यादा खाली ठेवली तर खरखरीमुळे शांतता सापडतच नाही, वर नेली तर 'बोहेमियन'च्या हळू जागी कात्री लागते. हाताने खुणा केल्या. 'वुई विल रॉक यू' आणि 'वुई आर द चॅम्पियन्स' यांच्यामध्ये एका क्षणाचंही अंतर घालू नका, फाइल वाजवणाऱ्या अॅपमधलं 'गॅप'ही शून्य करा. १९७७ च्या मूळ अल्बमवरही ती एकामागोमाग एकच आहेत.

२३ ऑगस्ट

नावं भरणं. नेटवरून आपोआप आलेली यादी अमेरिकन निघाली: १४ गाणी, त्यात डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर'. ब्रिटिश तबकडीवर ते नाही. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये ते त्याच १९८१ च्या शेवटी पहिल्या क्रमांकावर होतं. तिथल्या संग्रहात यायला त्याला १९९१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स २' उजाडावा लागला. गाण्याच्या लांबीवरून जुळवणीही फसते. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' मूळ अल्बमवर सव्वाचार मिनिटांचं, इथे एकेरी तबकडीसाठी (सिंगल) कापलेलं ३:२२ चं. 'फ्लॅश'ही तसंच, चित्रपटातल्या संवादांचे तुकडे असलेलं. सगळं हाताने भरलं.

गीतकारांचा रकाना भरताना एक गोष्ट दिसली. सतरापैकी दहा मर्क्युरीची, पाच मेची, दोन बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनची, आणि ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. त्याची पाळी पुढे आली, १९८४ च्या 'रेडिओ गा गा'ने. डीकनची दोनच, पण त्यातलं एक 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. माझ्या मते या तबकडीवर सगळ्यात चांगलं कोरलं गेलेलं गाणं तेच. कमी वाद्यं, भरपूर मोकळी जागा, खाच दाटीवाटीतही श्वास घेते. चुलत्यांना हे मत अजिबात मान्य नाही.

२४ ऑगस्ट

दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'स', 'श' फाटतात. तबक सारख्याच वेगाने फिरतं, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर प्लास्टिक जातं आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सुरांना निम्म्याहून कमी जागा. म्हणून शेवटी शांत गाणं ठेवावं असं जाणकार सांगतात. इथे शेवटी काय आहे, तर 'वुई आर द चॅम्पियन्स'. गोल सुई या जागी आणखी फाडते, लंबगोल थोडी आत शिरते.

कार्ट्रिजचा कोन तपासायला मापाचा कागद छापला. सुई तबकडीच्या मध्यबिंदूपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेशी अगदी समांतर हवी. कागदावरचं अंतर पट्टीने मोजलं तर कमी भरलं. प्रिंटरने पानात मावावं म्हणून चित्र लहान केलं होतं. 'मूळ आकार, १०० टक्के' निवडून पुन्हा छापला. कार्ट्रिज दोन मिलिमीटर पुढे सरकवली, भार पुन्हा मोजला. दुसरी बाजू उद्या पहाटे नव्याने, म्हणजे त्या बाजूची सगळी हातसफाईही नव्याने.

२६ ऑगस्ट

झालं. 'चॅम्पियन्स' पूर्ण स्वच्छ नाही, पण शब्द आता फाटत नाहीत. दुपारी समोर मांडव उभा राहिला आणि चाचणी म्हणून डॉल्बी वाजला. कडप्प्यावरची पाण्याची वाटी थरथरत होती.

५ सप्टेंबर

वाईवरून पसरणी घाट, वर धुकं आणि पाऊस. पाचगणीत वीज दोनदा गेली. लॅपटॉपला काही झालं नाही, स्पीकर बंद पडले. 'समबडी टू लव्ह' दोन हप्त्यांत ऐकलं. पेटीवाले काका पण आले होते.

८ सप्टेंबर

खर्च: पट्टा ४५०, सुई २,२००, धुलाईचं सामान ६००, काटा ४००, इंटरफेस २,९००, वायरी २५०, आतली नवी पाकिटं १००, आणि वाया गेलेली डोंगल ३५०. एकूण ७,२५० रुपये. वेळेपैकी सगळ्यात मोठा वाटा हातसफाईचा, आणि तो कुठल्याही पैशाने कमी होत नाही.

चुलत्यांना फाइल आवडली. पण त्यांच्या जुन्या गाडीत अजून कॅसेट वाजते, आणि त्यांना आता कॅसेट हवी आहे. सी-६० ची एका बाजूला ३० मिनिटं, तबकडीची एक बाजू २९ मिनिटांची, नेमकी मावते. न उघडलेली एक सी-६० त्यांच्याच कपाटात मिळाली. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंदांची पारदर्शक फीत असते, तिच्यावर काहीच उमटत नाही. म्हणून रेकॉर्डचं बटण दाबून पाच-सहा सेकंद थांबायचं, आणि मगच 'बोहेमियन' सुरू करायची.